शाश्वत विकासात परदेशी पीएचडी : पैसा कुठून येतो आणि अर्ज कुठे अडतो

प्रश्न असा होता : पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, पाणी-व्यवस्थापनाच्या प्रकल्पात तीन वर्षं काम केलं आहे. आता शाश्वत विकासात परदेशात पीएचडी करायची आहे, तीही पूर्ण फेलोशिपवर. अर्ज कुठे करावा, कधी करावा आणि संशोधन आराखडा कसा लिहावा?

'परदेशी फेलोशिप' म्हटलं की बहुतेक जण याद्या शोधायला लागतात : जर्मनीची डाड, अमेरिकेची फुलब्राइट, ब्रिटनची कॉमनवेल्थ, आणखी दहा-वीस नावं. या याद्या खोट्या नसतात. पण पीएचडीचा बराचसा पैसा त्यांत दिसतच नाही, कारण तो 'शिष्यवृत्ती' या नावाने येतच नाही. उत्तर युरोपात तो नोकरीचा पगार म्हणून येतो. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात प्रवेशासोबत विद्यापीठाकडून मिळतो. आणि तिसऱ्या वाटेने, म्हणजे तुमच्या स्वतःच्या नावावर सरकार किंवा एखादा न्यास देतो तेव्हा, त्यालाच आपण फेलोशिप म्हणतो. तिन्ही वाटांचे अर्ज वेगळे असतात, आणि एकाच मजकुराने तिन्हीकडे अर्ज केला की तिन्हीकडून नकार येतो.

नोकरीच्या वाटेपासून सुरुवात करू, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लोक बघतात. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारे बहुतांश लोक विद्यापीठाचे कर्मचारी असतात. करार साधारण चार वर्षांचा, पगार सामूहिक वेतनकरारानुसार. स्वीडनमध्ये चार वर्षांचं पूर्णवेळ संशोधन आणि त्यावर जास्तीत जास्त २० टक्के अध्यापन किंवा विभागाचं काम धरलं की प्रत्यक्षात पाच वर्षं होतात. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा २५ टक्के अध्यापन धरून चार. डेन्मार्कमध्ये मास्टर्सनंतर तीन वर्षं. जर्मनीत जाहिरातीत 'ई १३, ६५ टक्के' असं लिहिलेलं असतं. ते वाचून लोक गोंधळतात. ई १३ ही सार्वजनिक सेवेतली वेतनश्रेणी, आणि ६५ टक्के म्हणजे करारातले तास व पगार पूर्णवेळाच्या ६५ टक्के. काम मात्र त्या तासांत संपत नाही. प्रबंध उरलेल्या वेळात लिहायचा असतो. ७५ किंवा १०० टक्क्यांच्या जागाही निघतात, म्हणून हा आकडा बघितल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

या जागांसाठी विषय आधीच ठरलेला असतो. तुमचा स्वतंत्र आराखडा कुणी मागत नाही, आणि पाठवला तर छाननी करणाऱ्याला वाटतं की जाहिरात वाचलीच नाही. जाहिरातीतली एकेक अट घेऊन तिच्यापुढे तुमचा पुरावा ठेवणारं दीड-दोन पानांचं पत्र लागतं. 'सांख्यिकी येणं आवश्यक' असं असेल तर 'मला सांख्यिकीची आवड आहे' हे उत्तर नव्हे. 'आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरून इतक्या विहिरींच्या इतक्या वर्षांच्या नोंदींवर अमुक मॉडेल चालवलं' हे उत्तर आहे. जाहिराती युराक्सेस या युरोपीय संकेतस्थळावर असतात. नेदरलँड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्सफर आणि नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे बघा. बऱ्याच जाहिरातींची मुदत तीन ते सहा आठवड्यांचीच असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बघणं आलं.

याच वाटेवर युरोपीय संघाचे मेरी स्क्वोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स येतात, म्हणजे अनेक देशांतल्या संस्था मिळून पीएचडीच्या जागा भरतात. कुठल्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो, पण दोन अटी अनेकांना उडवतात. नेमणुकीच्या तारखेला हातात पीएचडी नसावी. आणि त्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा मुख्य काम केलेलं नसावं. नुकतंच जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स केलं असेल तर जर्मनीतली जागा मिळणार नाही; त्याच नेटवर्कमधली फ्रान्स किंवा डेन्मार्कमधली मात्र मिळू शकते. रकमेबद्दल जो घोळ होतो तोही सांगतो. २०२३-२४ च्या आवाहनांमध्ये दरमहा ३,४०० युरो राहणीभत्ता आणि ६०० युरो स्थलांतरभत्ता होता. पण ३,४०० हा आकडा संस्थेचा एकूण खर्च आहे. आधी त्याला त्या देशाच्या राहणीखर्चाचा गुणांक लागतो, मग मालकाचा सामाजिक सुरक्षेचा हिस्सा जातो, मग तुमचा हिस्सा आणि आयकर. हातात येणारी रक्कम देशागणिक खूप बदलते. मुलाखतीच्या शेवटी 'निव्वळ किती?' असं सरळ विचारा, त्यात काही वावगं नाही. शिवाय नेटवर्कची मुदत बहुधा ३६ महिने असते आणि विद्यापीठाचा पीएचडी कार्यक्रम चार वर्षांचा असू शकतो. चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार हे लेखी घ्या.

विद्यापीठाच्या वाटेवर अमेरिका मोठी. तिथे चांगल्या कार्यक्रमांत प्रवेश मिळाला म्हणजे साधारण पाच वर्षांची फीमाफी आणि विद्यावेतन मिळालं, बदल्यात अध्यापन किंवा संशोधनसाहाय्य. पण नावावर जाऊ नका. कोलंबिया विद्यापीठाची 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' पीएचडी मुळात अर्थशास्त्राच्या कण्यावर उभी आहे. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती पीएचडीच्या पातळीवर, सोबत नैसर्गिक विज्ञान. कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित कच्चं असेल तर तो अर्ज वाया जातो. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २००६ साली सुरू झालेल्या स्कूल ऑफ सस्टेनेबिलिटीचा बाज वेगळा, तो आंतरशाखीय आहे. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेचं किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होतं. २०२१ पासून परदेशी विद्यार्थीही पात्र आहेत, पण तुकडीच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंतच. शिवाय यूकेआरआय देशी विद्यार्थ्याइतकीच फी भरते. परदेशी फी आणि देशी फी यांतला फरक विद्यापीठ माफ करतं का, हा पहिला प्रश्न. उत्तर 'नाही' असेल तर 'पूर्ण फेलोशिप' हा शब्द तिथे लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम या सरकारी योजनेच्या विद्यावेतनाचा मूळ वार्षिक दर २०२५ साठी ३३,५११ ऑस्ट्रेलियन डॉलर होता. फीची सवलत वेगळी मिळते आणि आरोग्य विम्याचं स्वतंत्र विचारावं लागतं.

आता तुमच्या नावावरच्या फेलोशिप. डाडचे दोन प्रकार लोक एकमेकांत मिसळतात. संशोधन अनुदानाच्या प्रकारात शेवटची पदवी साधारण सहा वर्षांच्या आतली हवी आणि अर्जाच्या वेळी जर्मनीतलं वास्तव्य १५ महिन्यांहून जास्त नसावं. एपॉस हा प्रकार विकसनशील देशांतल्या, किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी आहे. त्यातले बहुतेक अभ्यासक्रम मास्टर्सचे आहेत, पीएचडीचे मोजकेच. तुमच्या तीन वर्षांच्या अनुभवाला इथे खरी किंमत आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत २०२४ साली डॉक्टरेटसाठी दरमहा १,४५,००० येन होते. दूतावासामार्फत गेलात तर आधी 'संशोधन विद्यार्थी' म्हणून राहून मग प्रवेशपरीक्षा द्यावी लागू शकते. विद्यापीठाच्या शिफारशीने गेलात तर तो वळसा बहुधा वाचतो. टोकियोतल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संस्थेत शाश्वतता विज्ञानात पीएचडी करता येते. स्वित्झर्लंडच्या सरकारी शिष्यवृत्तीला तिथल्या प्राध्यापकाचं यजमानपत्र सक्तीचं आहे, त्यामुळे मुदतीच्या महिन्यात सुरुवात करणाऱ्याला ती मिळणं जवळपास अशक्य. महिलांसाठी श्लुम्बर्जे फाउंडेशनची फॅकल्टी फॉर द फ्यूचर पीएचडीला वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत देते. विषय विज्ञान-तंत्रज्ञानातला हवा. आणि जुन्या याद्यांवर विसंबू नका. कॅनडाची ५०,००० कॅनेडियन डॉलरची व्हॅनियर शिष्यवृत्ती अजून सगळीकडे मिरवते, पण ती बंद होऊन तिच्या जागी ४०,००० डॉलरची नवी डॉक्टरल शिष्यवृत्ती आली आहे.

तुमच्यासारख्याने पहिला जोर नोकरीच्या वाटेवर द्यावा, दुसरा डाडवर, आणि अमेरिकेत दोन-तीनच अर्ज करावेत असं मला वाटतं. वीस अर्ज करण्यापेक्षा सहा नीट केलेले बरे. सातव्या अर्जापासून पत्रात मागच्या विद्यापीठाचं नाव राहून जायला लागतं.

मार्गदर्शक शोधताना विभागाच्या पाटीवर 'शाश्वत विकास' शोधलात तर निम्मे लोक निसटतील. हे संशोधन मानवी भूगोल, परिस्थितिकीय अर्थशास्त्र, औद्योगिक परिस्थितिकी, जलविज्ञान, ऊर्जाप्रणाली अशा नावांखाली चालतं. लुंड, उत्रेख्त, वागेनिंगन, ससेक्स, स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटर, पॉट्सडॅमची हवामान संस्था, बॉनचं विकास संशोधन केंद्र ही ठिकाणं बघाच. पण खरी युक्ती संस्थांच्या यादीत नाही, अनुदानांच्या नोंदीत आहे. युरोपीय संघाने कुणाला पैसे दिले हे कॉर्डिसवर, जर्मन अनुदानं गेप्रिसवर, ब्रिटनची गेटवे टू रिसर्चवर उघड दिसतात. तिथे तुमचा विषय टाका आणि प्रकल्पाची सुरुवातीची तारीख बघा. सहा महिन्यांत सुरू होणारा किंवा नुकताच सुरू झालेला प्रकल्प असेल तर त्या प्राध्यापकाला माणसं हवी असतात. तिसऱ्या वर्षात असेल तर जागा भरलेल्या असतात, पत्र कितीही चांगलं असो.

ईमेल दोनशे शब्दांचा पुरे. विषयओळीत प्रश्न आणि सुरुवातीचं वर्ष. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या एका विशिष्ट शोधनिबंधातला असा मुद्दा, ज्यातून तुमचा प्रश्न निघतो, स्तुती नको. दुसऱ्यात तुमच्या हाताशी असलेली पद्धत किंवा विदा (डेटा). तिसऱ्यात एकच विचारणा : या विषयावर विद्यार्थी घेण्याचा विचार आहे का, आणि अमुक फेलोशिपसाठी यजमान व्हाल का. सोबत दोन पानांचा बायोडेटा. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. एकाच विभागातल्या चार प्राध्यापकांना एकाच दिवशी तोच मजकूर पाठवू नका. ते जेवायला एकत्र बसतात.

आराखडा. अर्ज सर्वाधिक इथेच पडतात. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं २०१५ साली ठरली, आणि तेव्हापासून 'अमुक प्रदेशातील शाश्वत जलव्यवस्थापन : आव्हाने आणि संधी' अशा शीर्षकांचा पूर आला. या शीर्षकात प्रश्न नाही, म्हणून चुकण्याची जागाही नाही, आणि जे चूक ठरू शकत नाही त्याला परीक्षक पैसे देत नाहीत. तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ. ठिबक सिंचनाने पाणी वाचतं असं सगळेच म्हणतात. शेताच्या पातळीवर ते खरंही असतं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतो किंवा जास्त पाण्याच्या पिकाकडे वळतो. शिवाय पूर्वी जमिनीत मुरून पुन्हा विहिरीत जाणारं पाणी आता मुरत नाही. त्यामुळे खोऱ्याच्या पातळीवर भूजल उपसा कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल मांडलेली शंका ती हीच. आता प्रश्न असा होतो : अनुदान मिळून ठिबक बसवल्यानंतर पाच वर्षांत सिंचित क्षेत्र आणि पीकरचना किती बदलली, आणि त्याने भूजलावरचा निव्वळ परिणाम कोणत्या दिशेला गेला? हा प्रश्न चूक ठरू शकतो, म्हणून तो प्रश्न आहे.

आणि उद्दिष्टांशी नातं असं जोडायचं : सहावं उद्दिष्ट पाण्याचं, त्यातल्या लक्ष्य ६.४ चा पहिला निर्देशक पाण्याच्या दर घनमीटरमागे किती आर्थिक मूल्य निर्माण झालं हे मोजतो. म्हणजे उपसा वाढत असतानाही हा निर्देशक सुधारू शकतो. तुमचं संशोधन ही विसंगती तपासतं असं एका वाक्यात लिहिलंत, तर 'उद्दिष्ट क्रमांक ६ ला हातभार' या छापाच्या परिच्छेदाची गरज उरत नाही.

मग विदा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांत १० मीटरची, दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एकदा. पण ती २०१५ पासूनचीच. त्याआधीचा काळ हवा असेल तर अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह, ३० मीटर. लहान शेतं ३० मीटरच्या चौकटीत एकमेकांत मिसळतात, आणि ऐन पावसाळ्यात ढगांमुळे हंगामाचा तुकडाच गायब होतो. हे आधीच लिहून उपाय सुचवलात तर परीक्षकाचा विश्वास बसतो. ग्रेस या उपग्रहजोडीचं नाव मात्र विचार करून घ्या. ती एकूण पाणीसाठ्यातला बदल टिपते, त्यातून भूजलाचा वाटा वेगळा काढावा लागतो, आणि दीड-दोन लाख चौरस किलोमीटरपेक्षा लहान भागासाठी तिचे आकडे भरवशाचे नाहीत. 'ग्रेसच्या साहाय्याने गावपातळीवर' असं लिहिलेला आराखडा जलवैज्ञानिक पहिल्याच वाचनात बाजूला ठेवतो.

पद्धतीतली अडचण याहून मोठी आहे. ठिबक घेणारा आणि न घेणारा शेतकरी सारखे नसतात. घेणाऱ्याकडे बहुधा आधीच विहीर, वीज आणि भांडवल असतं. दोघांची आजची तुलना केली तर ठिबकचा परिणाम मोजला जात नाही, ऐपतीचा मोजला जातो. म्हणून आधी आणि नंतर, दोन्ही गटांत, अशी तुलना लागते. आणि योजना वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वर्षी लागू झाली असेल तर त्याचा उपयोग करून घेता येतो. मुलाखतीत साठ टक्के प्रश्न याच जागी येतील असं धरून चला.

दोन हजार शब्दांच्या आराखड्यात पार्श्वभूमीला साडेतीनशेपेक्षा जास्त देऊ नका. पद्धत आणि विदेला निम्मी जागा द्या. उरलेल्यात वेळापत्रक, फील्डवर्कचा खर्च, परवानग्या आणि 'हे जमलं नाही तर काय' याचा एक परिच्छेद. परवानग्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर विद्यापीठाची नैतिक मान्यता लागते आणि तिला काही महिने जाऊ शकतात. फील्डवर्क तिसऱ्या देशात असेल तर तिथला संशोधन परवाना वेगळा. बियाणं, सूक्ष्मजीव किंवा इतर जैविक नमुने सीमेपार न्यायचे असतील तर जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा, २०१४ पासून लागू असलेला नागोया करार आडवा येतो. पेरणीचा हंगाम एकदा हुकला की वर्ष जातं, आणि तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये एक वर्ष म्हणजे फार झालं.

कॅलेंडर प्रवेशाच्या तारखेपासून मागे मोजा. सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरुवात हवी असेल तर अमेरिका-ब्रिटनचे बरेच अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत, प्राध्यापकांशी पत्रव्यवहार त्याआधीच्या मे ते ऑगस्टमध्ये, आणि वाचन व अनुदानांचा शोध त्याच्याही आधी. म्हणजे सुमारे दीड वर्ष. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. परीक्षा फार आधी दिली तर प्रवेशाच्या वेळी तो शिळा होतो. शिफारसपत्रं तीन लागतात असं धरा : दोन अध्यापकांची, एक प्रकल्पप्रमुखाचं. तिघांना सहा आठवडे आधी सांगा आणि आराखड्याची प्रत, मुदतींचा तक्ता व तुम्ही त्यांच्याकडे नेमकं काय काम केलं याचे चार मुद्दे द्या. 'विद्यार्थी मेहनती आणि नम्र आहे' एवढंच लिहिलेलं पत्र नसल्यासारखंच. तुमचं मास्टर्स एक वर्षाचं असेल तर युरोपातल्या विद्यापीठाला आधीच विचारून घ्या. श्रेयांकांची बेरीज पुरली नाही तर गुणवत्तेपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

ऑफर आली की पत्र दोनदा वाचा. पगार आहे की विद्यावेतन? पगारासोबत निवृत्तिवेतन, आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा येते. विद्यावेतनासोबत यांतलं बरंच काही येत नाही आणि आरोग्य विमाही कधीकधी स्वतःच काढावा लागतो. फील्डवर्कचा खर्च वेगळा आहे की त्याच रकमेतून? परत जाण्याची अट आहे का? फुलब्राइटसारख्या फेलोशिपसोबत मिळणाऱ्या अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट लागू शकते, आणि तिचा पुढच्या नोकरीवर थेट परिणाम होतो. युरोपीय संघात, डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून, २०१६ च्या निर्देशानुसार संशोधक म्हणून परवाना मिळाला तर जोडीदाराला काम करता येतं आणि काम संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने राहता येतं. त्यासाठी यजमान संस्थेशी करार लागतो. काही विद्यापीठं सवयीने विद्यार्थी परवान्याचीच कागदपत्रं पाठवतात. व्हिसाचा अर्ज भरण्याआधी मनुष्यबळ विभागाला विचारा की यांपैकी कोणता परवाना ते देणार आहेत.